हा आपल्या पुणतांब्याचाय

परवा 26 जानेवारीला आमच्या गावच्या शाळेत झेंडावंदनाला गेलो होतो. दरवर्षी जातो. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, सरपंचांचं भाषण झालं, पोरांच्या हातात बुंदीचे पुडे पडले आणि मग स्पीकरवर ते गाणं लागलं. 1963 सालचं, शहिदांच्या आठवणीचं, लताबाईंनी गायलेलं. ओळ लिहायची गरजच नाही, तुमच्या कानात आत्ता सुरू झालं असणार.

शेजारी एक तरुण शिक्षक उभे होते. चांगला पोरगा, वाचणारा. सहज विचारलं, "सर, कुणाचं हो हे गाणं?"

"लतादीदींचं."

"ते झालंच. चाल कुणाची?"

थोडा विचार केला त्यांनी. "शंकर-जयकिशन असतील बहुतेक."

मी काही बोललो नाही. त्यांना हसायचा मला अधिकारच नाही. मी स्वतः वयाची पन्नाशी ओलांडेपर्यंत याच जिल्ह्यात राहून, हीच गाणी ऐकत, ही गोष्ट नीट जाणून घेतली नव्हती. आणि ज्यांनी मला ती सांगितली होती, त्यांना मी हसलो होतो. तेच आज लिहायचंय. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आमचे नाना, म्हणजे वडील, साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. गळिताचा हंगाम सुरू झाला की दिवसरात्र उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या घुंगरांचा आवाज, मळीचा वास आणि नानांच्या तीन पाळ्या. रात्रपाळीवरून पहाटे घरी आले की ते अंगणात बसून पाय धुवायचे आणि बारीक आवाजात एक अंगाईगीत गुणगुणायचे. हिंदी. 'अलबेला' सिनेमातलं. माझी धाकटी बहीण त्यावर झोपायची आणि मी त्यावर उठायचो. आमच्या घरात पहाट झाल्याची खूण म्हणजे ती अंगाई, असा सगळा उलटा कारभार.

घरात रेडिओ होता. त्याचं लायसन्स पोस्टातून काढायला लागायचं, हे आजच्या पोरांना सांगितलं तर पटत नाही. रेडिओवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागला की नाना कान टवकारायचे. निवेदकानं "संगीतकार सी. रामचंद्र" असं म्हटलं की हमखास म्हणायचे, "हा आपल्या पुणतांब्याचाय."

मी तेव्हा कॉलेजात. शिंगं फुटलेली. एकदा म्हणालो, "नाना, तुमचं काहीही! उद्या म्हणाल लता मंगेशकर राहुरीची."

नाना काही बोलले नाहीत. रेडिओचा आवाज थोडा वाढवला, इतकंच. पण त्यानंतर ते वाक्य त्यांनी माझ्यासमोर पुन्हा कधी म्हटलं नाही.

नाना 2011 साली गेले. 2018 हे सी. रामचंद्रांचं जन्मशताब्दी वर्ष. तेव्हा एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत लेख आला होता. पहिल्याच परिच्छेदात होतं: रामचंद्र नरहर चितळकर, जन्म 12 जानेवारी 1918, पुणतांबा, जिल्हा अहमदनगर. पुरवणी हातात धरून मी बराच वेळ तसाच बसलो. बायकोनं विचारलं, कोण गेलं का?

त्यानंतर मी जमेल तसं वाचत गेलो, जुन्या रेकॉर्ड ऐकत गेलो. हा माणूस मला नानांच्या वतीनं नीट समजून घ्यायचा होता.

पुणतांबा आपल्याला तीन कारणांनी माहीत. एक चांगदेवांची समाधी, गोदावरीच्या काठावरची. दुसरं जंक्शन, शिर्डीला जाणारी लाईन तिथून फुटते. आणि तिसरं 1 जून 2017 चा शेतकरी संप, ज्याची ठिणगी याच गावातून पडली आणि महिनाभर महाराष्ट्रातल्या प्रत्येक चॅनेलवर पुणतांबा हे नाव होतं. चौथं कारण कुणी सांगत नाही. दौंड-मनमाड लाईन 1878 ची. या लाईननं आपल्या जिल्ह्यात काय काय आणलं त्याचा हिशोब आपण साखर, गूळ, कांद्याच्या वॅगनींत करतो. पण रेल्वेनं माणसंही आणली आणि नेलीही. रामचंद्रांचे वडील रेल्वेत नोकरीला होते. रेल्वेच्या नोकरदाराचं पोर म्हणजे बदलीचं पोर. आज हे स्टेशन, उद्या ते. आडनाव तेवढं सोबत राहतं. श्रीरामपूरकडून मनमाडला जाताना पुणतांब्याच्या आधीचं स्टेशन चितळी, हे या लाईनवर प्रवास करणाऱ्यांना सांगायला नको. (आपले लोक श्रीरामपूरच्या स्टेशनला अजून बेलापूरच म्हणतात, हा आणखी एक घोळ.)

पोराला गाण्याचा नाद. नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिक्षण झालं. वसंतराव देशपांडेही त्याच गुरुजींचे विद्यार्थी. पुढे पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांचं गांधर्व महाविद्यालय. म्हणजे पाया पक्का शास्त्रीय. पण पोराला व्हायचं होतं हिरो. 1935 साली 'नागानंद' नावाच्या सिनेमात हिरो झालाही. सिनेमा आपटला. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये बारीकसारीक कामं आणि शेवटी तिथंच संगीत विभागात पेटी वाजवायची नोकरी. हिरो म्हणून आलेला माणूस पेटीवाला झाला. आपल्या नशिबानं झाला, असं मी म्हणेन.

इथं एक विचार येतो. नेमक्या त्याच काळात, 1940 पासून, आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली होती. पेटी हे परदेशी, बेसूर वाद्य, असं कारण. म्हणजे ज्या वाद्यावर हा माणूस चाली बांधायला शिकत होता ते सरकारी रेडिओच्या दारात उभं करत नव्हते. सरकारी रेडिओचा आणि या माणसाचा आणखी एक हिशोब पुढे यायचाय.

संगीतकार म्हणून सुरुवात झाली ती तमिळ सिनेमांपासून. 'वनमोहिनी', 1941. दिग्दर्शक मास्टर भगवान, म्हणजे आपले भगवानदादा पालव. हिंदीतला पहिला सिनेमा 'सुखी जीवन', 1942, तोही भगवानदादांचाच. दोघांची दोस्ती जन्माची.

1942 म्हटलं की नगरच्या माणसाला दुसरंच काहीतरी आठवतं. त्या ऑगस्टमध्ये पंडित नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई अशा सगळ्या बड्या नेत्यांना आपल्या भुईकोट किल्ल्यात आणून कोंडलं होतं. नेहरू 1945 पर्यंत तिथं होते, 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथंच लिहिलं. हे लक्षात ठेवा, याला पुढे एक टोक जोडायचंय.

आता नावांचा घोळ. या माणसाला एक नाव पुरत नव्हतं. पडद्यावर काम केलं तर आर. एन. चितळकर. गायला तर रेकॉर्डवर नुसतं चितळकर. काही सिनेमांना अण्णासाहेब या नावानं संगीत दिलं, कुठं राम चितळकर, कुठं श्यामू. सी. रामचंद्र हे मद्रासी वळणाचं नाव ऐकून कित्येक लोकांना वाटायचं हा दक्षिणेकडचा कुणीतरी. आमच्या कारखान्याच्या कॉलनीत एक काका छातीठोक सांगायचे की हा माणूस मद्रासचा, तिथून विमानानं येतो आणि चाली देऊन परत जातो. नाना त्यांच्याशी भांडायचे. जो माणूस स्वतःचं नाव पाच ठिकाणी पाच तऱ्हेनं लिहितो, त्याचं गाव कोण लक्षात ठेवणार? मला वाटतं आपण त्याला विसरलो त्यात त्याचाही थोडा हात आहे.

मोठं यश आलं 1947 ला, 'शहनाई' सिनेमानं. देश स्वतंत्र होत होता आणि नाक्यानाक्यावर लोक रविवारी भेटायला बोलावणारं ते इंग्रजाळलेलं गाणं म्हणत होते. चितळकरांनी स्वतः मीना कपूरसोबत गायलेलं. मग 1949 ला 'पतंगा' आला. त्यातलं रंगूनहून येणाऱ्या टेलिफोनचं गाणं, शमशाद बेगम आणि पुन्हा चितळकर स्वतः. पडद्यावर जाडजूड गोप आणि निगार सुलताना. नाना सांगायचे, हे गाणं त्यांनी पहिल्यांदा एका लग्नात कर्ण्यावर ऐकलं. वऱ्हाडाच्या बैलगाड्या, पुढं चावीचा फोनो आणि मागं ही गर्दी. गावात तेव्हा एकानंही टेलिफोन बघितलेला नव्हता. तो वाजतो कसा हे त्यांना त्या गाण्यानं कळलं.

सोवळ्या लोकांनी नावं ठेवली. उथळ, पाश्चात्त्य, संस्कृती बुडवणारं. त्यात अगदी खोटं काही नव्हतं, काही चाली परदेशी रेकॉर्डवरून सरळ सरळ उचललेल्या आहेत. मी नानांचा मुलगा असलो तरी हे लपवणार नाही. पण उचलणारे पुष्कळ होते. उचललेलं आपलंसं करणारे थोडे. चिक चॉकलेट नावानं ओळखला जाणारा गोव्याचा ट्रम्पेटवाला, खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, तो रामचंद्रांचा साथीदार. मुंबईच्या हॉटेलात साहेबांसाठी जाझ वाजवणारी गोव्याची माणसं आणि विनायकबुवांच्या तालमीतला पुणतांब्याचा माणूस, हे एका खोलीत बसले आणि त्यातून 1951 चा 'अलबेला' आला. चिक चॉकलेटचा बँड त्या सिनेमात पडद्यावर दिसतोसुद्धा.

'अलबेला'बद्दल किती लिहू. भगवानदादा हिरो, गीताबाली हिरॉईन, राजेंद्र कृष्ण यांची गाणी, भगवानदादांसाठी आवाज चितळकरांचा. हिरो दिसायला असा की आपल्यातलाच एखादा फिटर किंवा हमाल. त्याचं ते अर्ध्या अंगानं डुलत नाचणं आजही प्रत्येक गणपतीच्या मिरवणुकीत दिसतं, नाचणाऱ्याला माहीत नसतं इतकंच. माळीवाड्यातून आशा टॉकीजच्या चौकात मिरवणूक आली की बघा नीट. आणि त्याच सिनेमात, बोंगो नि ट्रम्पेटच्या दणदणाटात, ती अंगाई. पिलू रागातली. एकदा आनंदाची, एकदा दुःखाची. दिवसभर लोकांचे ऊस मोजून आलेल्या माणसाच्या तोंडात दणदणाट नाही, तीच राहिली होती.

भगवानदादांचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. बंगला गेला, गाड्या गेल्या, दादरच्या चाळीत शेवट. त्यावर रडायला वेगळी पोस्ट लागेल.

आता तो सरकारी रेडिओचा दुसरा हिशोब. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे प्रेमी, हेतू वाईट नव्हता. त्यांना सिनेमाची गाणी म्हणजे अभिरुचीचा नाश वाटायचा. त्यांनी गाण्यांचा वेळ कमी केला, गाण्यासोबत सिनेमाचं नाव सांगणं बंद केलं. निर्मात्यांनी चिडून परवानगी काढून घेतली आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास गायब झालं. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावलं. 1952 च्या डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली, अमीन सायानींचा आवाज घराघरात शिरला. बुधवारी रात्री आठ वाजता कारखान्याच्या क्लबात खुर्ची मिळायची नाही. नाना तेव्हा पंधरा वर्षांचे, खिडकीबाहेर उभे राहून ऐकायचे. आणि 1953 च्या त्या वर्षाच्या यादीत पहिल्या नंबरला कोणतं गाणं होतं? 'अनारकली'चं. संगीत सी. रामचंद्र.

एका मराठी मंत्र्यानं दार लावलं आणि दुसरा मराठी माणूस समुद्रापलीकडून खिडकीतून आत आला. केसकरांनी 'अनारकली' नीट ऐकलं असेल का, असा प्रश्न मला नेहमी पडतो. कारण ज्या शास्त्रीय संगीतासाठी त्यांचा जीव तुटत होता तेच तिथं होतं. वर सांगितलेलं पहिल्या नंबरचं गाणं भीमपलासातलं. हेमंतकुमार आणि लताबाईंचं द्वंद्वगीत बागेश्रीतलं. दोन वर्षांनी आलेल्या 'आझाद'मधलं राधेच्या रुसव्याचं गाणं, तेही बागेश्री. हा राग अण्णांचा फार लाडका. ज्यांनी आयुष्यात कधी गाण्याची बैठक बघितली नाही, त्या काट्यावरच्या कारकुनांना, गव्हाणीवरच्या मजुरांना बागेश्री काय असते हे या माणसानं, नाव न सांगता, शिकवलं. आमचे नाना सातवी पास. एकदा मी मोठ्या आवाजात शास्त्रीय रेकॉर्ड लावली होती तर म्हणाले, "हे त्या अनारकलीच्या गाण्यासारखं वाटतंय." मी कव्हर बघितलं. बागेश्री.

शेवटी सरकारलाही शहाणपण आलं, 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली.

'आझाद'ची एक गोष्ट गाण्याच्या शौकिनांत फार सांगतात. निर्माते दक्षिणेतले, घाईत होते. आधी नौशादसाहेबांकडे गेले, महिनाभरात सगळी गाणी हवीत म्हणाले. नौशाद म्हणाले, हे काय वाण्याचं दुकान आहे का. मग अण्णांकडे आले आणि अण्णांनी करून दिली. गोष्टीला मीठमसाला लागला असेल, पण दोघांचे स्वभाव त्यात बरोबर पकडलेत. एक नवाबी, एक रेल्वेवाला. गाडी वेळेत सुटली पाहिजे.

'आशा'मधलं (1957) ते अर्थ नसलेल्या शब्दांचं किशोरकुमारचं गाणं, 'नवरंग'मधली (1959) होळी, ही यादी मी इथेच थांबवतो. तुम्हाला आठवतील तेवढी तुमची. लताबाईंशी मधल्या काळात बिनसलं, त्याबद्दल शंभर तोंडांनी शंभर गोष्टी बोलल्या जातात. मला त्यात रस नाही. त्यांनी एकत्र केलेली गाणी पुरेशी आहेत.

आता 1963. चीनच्या युद्धातला पराभव. गल्लीगल्लीत अपमान साचलेला. कवी प्रदीप यांनी शहिदांवर गाणं लिहिलं. चाल सी. रामचंद्रांची. 27 जानेवारी 1963 ला दिल्लीत लताबाईंनी ते गायलं, समोर पंतप्रधान नेहरू. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं, ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. लिहिणाऱ्या प्रदीपजींना त्या कार्यक्रमाचं आमंत्रणसुद्धा नव्हतं, ही गोष्ट फार कुणाला माहीत नाही. आणि चाल बांधणारा कुठला, हे तर आपल्या जिल्ह्यातसुद्धा विचारावं लागतं.

मगाशी म्हटलं होतं ना, एक टोक जोडायचंय. ज्या माणसानं आपल्या किल्ल्यात जवळपास तीन वर्षं काढली, भिंतीआड बसून देश म्हणजे काय ते लिहिलं, त्याला वीस वर्षांनी दिल्लीत भर सभेत ज्या सुरांनी रडवलं, ते सूर त्याच किल्ल्याच्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाचे होते. किल्ल्यापासून पुणतांबा साधारण ऐंशी किलोमीटर. त्या दोघांपैकी कुणाच्या तरी हे डोक्यात आलं असेल का, कुणास ठाऊक. माझ्या मात्र ते डोक्यातून जात नाही.

आणखी एक सांगतो आणि मग आवरतो. 1918 या एकाच साली आपल्या जिल्ह्यानं सिनेमाला दोन माणसं दिली. जानेवारीत पुणतांब्याला रामचंद्र चितळकर आणि एप्रिलमध्ये नगर शहरात शाहू मोडक. मोडक कुटुंब ख्रिस्ती. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून. आणि या ख्रिस्ती घरातला पोरगा 1932 साली 'श्यामसुंदर'मध्ये कृष्ण झाला, भालजी पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखाली, सोबत राधा म्हणून शांता आपटे. सिनेमा मुंबईत पंचवीस आठवडे चालला, तोवर तसं कुणाचंच झालं नव्हतं. पुढे शाहू मोडक इतक्या वेळा कृष्ण झाले की लोक त्यांच्या पाया पडायचे. 'संत ज्ञानेश्वर' (1940) मधले ज्ञानेश्वरही तेच, आणि ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासे आपल्याच जिल्ह्यात. ख्रिस्ती मोडक ज्ञानेश्वर झाले म्हणून कुणी मोर्चा काढला नाही. आज काय झालं असतं, याचा विचार तुम्हीच करा.

आता मुद्द्याचं बोलतो. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल यावा. आपल्या जिल्ह्याचा इतिहास म्हटलं की आपण संत सांगतो, किल्ला सांगतो, सहकार सांगतो. 1950 साली प्रवरानगरला चाक फिरलं, आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना, हे आपल्या तोंडपाठ आहे आणि असलंच पाहिजे. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा सहा महिने आपण फेसबुकवर एकमेकांची उणीदुणी काढली. माझं त्यावर मत आहे, ते आज इथं आणत नाही. पण त्या सगळ्या गदारोळात जिल्ह्याच्या थोर माणसांच्या याद्या फिरत होत्या, दोन्ही बाजूंच्या, शंभर-शंभर नावांच्या. मी त्या एकूण एक वाचल्या. रामचंद्र चितळकर हे नाव एकाही यादीत माझ्या नजरेला पडलं नाही. गाणं म्हणजे करमणूक, करमणूक म्हणजे मुंबईची, असं काहीतरी आपल्या डोक्यात बसलंय. कारखान्याच्या काट्यावर रात्रपाळी करणारा माणूस कशावर जगत होता, हे कोणत्याच गॅझेटियरमध्ये नाही.

मी पुतळा मागत नाही. पुतळ्यांचं काय होतं ते आपण बघतोच. चौकाला नाव द्या, असंही म्हणत नाही. मागणं एवढंच आहे की 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला स्पीकरवर ते गाणं लावण्याआधी माईकवरच्या माणसानं तीन नावं घ्यावीत. लिहिलं प्रदीपजींनी, गायलं लताबाईंनी, चाल पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांची. दहा सेकंद लागतात. आमच्या शाळेतल्या त्या शिक्षकांना मी दुसऱ्या दिवशी फोन करून सगळं सांगितलं. ते 'हो का!' म्हणाले आणि 15 ऑगस्टला मीच बोलतो म्हणाले. बघू.

अण्णांनी पुढं मराठीतही काम केलं. 'घरकुल' (1970) मधली ती पप्पा-मम्मीची गंमत आणि त्याच सिनेमातली सुरेश भटांची रचना, दोन्ही त्यांच्याच चाली, हे कळल्यावर लोक चमकतात. माडगूळकरांचं 'गीतगोपाल' त्यांनी केलं. 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र लिहिलं, मिळालं तर जरूर वाचा, फार रोखठोक आहे. 5 जानेवारी 1982 ला मुंबईत गेले. चौसष्टावं वर्ष पुरं व्हायला सात दिवस कमी होते.

त्या दिवशी संध्याकाळी रेडिओवर बातमी आली असणार. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो, घरातच असणार. मला काहीसुद्धा आठवत नाही. नानांनी काही म्हटलं का, रेडिओ बंद केला का, काही नाही. किती आठवून बघितलं.

यंदा 12 जानेवारीला मी पुणतांब्याला गेलो. मुद्दाम पॅसेंजरनं. स्टेशनवर उतरलो, बाकावर बसलो, मोबाईलवर 'अलबेला'ची अंगाई लावली, आवाज थोडा मोठा ठेवून. बाहेरच्या टपरीवरचा चहावाला, माझ्याच वयाचा असेल, ग्लास आणून देताना थांबला. म्हणाला, "आमच्या आजीला लई आवडायचं हे."

मी म्हणालो, "तुमच्या गावचाय संगीतकार. इथं जन्मला."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग मोबाईलकडं बघितलं. "असंल," म्हणाला. आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला. पैसे द्यायला गेलो तेव्हा मात्र विचारलं, "नाव काय म्हणलात त्यांचं?" मी सांगितलं. चितळकर म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणजे चितळीचं."

पुणतांबा, चितळी, कोपरगाव, श्रीरामपूर भागातल्या मित्रांना विनंती: घरात कुणी ऐंशी-नव्वदीचं माणूस असेल आणि त्यांनी या गाण्यांबद्दल, टुरिंग टॉकीजबद्दल, कारखान्याच्या क्लबातल्या रेडिओबद्दल काही सांगितलं असेल, तर खाली लिहा. कसंही लिहा, शुद्धलेखन बघत बसू नका. आणि ते माणूस अजून घरात असेल तर आज रात्रीच विचारा. त्यांनी काही सांगितलं तर माझ्यासारखे हसू नका.